सामायिक नव्हे, सार्वजनिक

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ‘सामायिक’ आणि ‘सार्वजनिक’ यांतला फरक शिकवावा लागत नाही. भावाभावांत वाटणी होते, जमिनीचे तुकडे पडतात, पण विहिरीचे तुकडे पाडता येत नाहीत. मग तिच्यावर हिस्से ठरतात, पाण्याच्या पाळ्या बांधल्या जातात आणि त्या हिश्श्याची नोंद सातबाऱ्यावर चढते. ही सामायिक विहीर. ज्याचा हिस्सा नाही, त्याला तिथे पाळी नाही. सार्वजनिक आडाचे तसे नसते. तो गावाचा असतो, आणि तिथे येणाऱ्याला कोणी हिस्सा विचारू नये अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा शतकानुशतके मोडली गेली, म्हणूनच २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसे घेऊन जावे लागले. दोन्ही शब्दांत वाटून घेणे आहे, पण वाटून घेणारे कोण हे निराळे आहे. लातूर जिल्ह्यातल्या जळकोटसारख्या लहान तालुक्याच्या गावात इंटरनेट पहिल्यांदा कसे पोचले, हे समजून घ्यायला हा फरक फार उपयोगी पडतो. टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने चालणारे इंटरनेट जगभर लोकांनी वाटून घेतले. अमेरिकेतल्या घरांत ते सामायिक राहिले, आपल्याकडे ते सार्वजनिक झाले. हा फरक केवळ गरिबीतून आला नाही. त्यामागे दूरसंचाराची धोरणे होती, कायदे होते आणि एक जुनी सवयही होती. त्याचे परिणाम आजही तालुक्याच्या बाजारपेठेत दिसतात.

आधी घरातल्या वाटणीची गोष्ट पाहू. मोडेमचे काम तसे सोपे. संगणकाच्या भाषेतले शून्य आणि एक तो आवाजात बदलतो, टेलिफोनच्या तारेवरून पाठवतो आणि पलीकडून आलेला आवाज पुन्हा आकड्यांत उलगडतो. माणसाच्या बोलण्यासाठी आखलेल्या त्या अरुंद वाटेवरून १९९८ सालच्या सुमारास फार तर सेकंदाला ५६ हजार बिट इतकी माहिती उतरू शकत होती. एका घरात एकच टेलिफोन आणि संगणक मात्र दोन-तीन, अशी परिस्थिती अमेरिकेतल्या मध्यमवर्गात तेव्हा निर्माण झाली होती. त्यावर १९९९ साली दोन उपाय बाजारात आले. मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज ९८’च्या दुसऱ्या आवृत्तीत एकाच्या जोडणीवर बाकीचे संगणक चालवण्याची सोय दिली. त्याच वर्षी जुलैत अॅपलने ‘एअरपोर्ट’ नावाचे यंत्र आणले. त्याच्या पोटातच ५६ हजार बिटांचा मोडेम होता. टेलिफोनची तार त्यात खोचायची आणि घरातल्या दहा संगणकांपर्यंत ती जोडणी बिनतारी पोचवायची, अशी ती योजना होती. किंमत होती २९९ डॉलर. या दोन्ही उपायांमागची युक्ती आपल्याकडच्या जुन्या टपालाच्या रिवाजाशी तंतोतंत जुळते. खेड्यातल्या अनेकांची पत्रे बाजारातल्या एखाद्या दुकानदाराच्या ‘मार्फत’ येत. बाहेरच्या जगाला पत्ता एकच ठाऊक असे. आतले पत्र कोणाचे हे दुकानदार ओळखे आणि ज्याचे त्याला देई. इंटरनेटवरही बाहेरून पत्ता एकच दिसतो, आणि आतल्या कोणत्या संगणकाने काय मागवले याची वही ते यंत्र ठेवते. १९९४ साली या पद्धतीची तांत्रिक मांडणी प्रसिद्ध झाली आणि १९९६ साली अशा आतल्या पत्त्यांसाठी आकड्यांचे काही संच कायमचे राखून ठेवले गेले. आजही घरातल्या यंत्राचा पत्ता बहुधा ‘१९२.१६८’ने सुरू होतो, तो त्याच संचातला.

इतकी बारीक धार चौघांत वाटली तर कोणाच्या वाट्याला काय येणार, अशी शंका कोणालाही येईल. हिशेब करून पाहावा. सेकंदाला ५६ हजार बिट म्हणजे सात हजार अक्षरे, तीही तार उत्तम असेल तर. पन्नास हजार अक्षरांचे पान उतरायला सात-आठ सेकंद लागणार. चौघांनी एकाच क्षणी पान मागितले तर अर्धा मिनिट. पण चौघे एकाच क्षणी मागत नाहीत. पान उतरले की माणूस ते दोन मिनिटे वाचतो, आणि तेवढा वेळ तार रिकामी पडून राहते. विहिरीत झरा सतत चालू असतो, मोट मात्र पाळीपाळीने चालते, तसेच हे. शिवाय मधल्या संगणकाने एकदा आणलेले पान साठवून ठेवले तर दुसऱ्याला ते तारेवरून पुन्हा आणावे लागत नाही. म्हणजे मोडेम वाटून घेणे ही निव्वळ तडजोड नव्हती. एकट्याने वापरला तर वाया जाणारा वेळ त्यात भरून निघत होता. हे तंत्र समजले की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. जे अमेरिकेतल्या दिवाणखान्यात घडले, ते मराठवाड्यातल्या घरांत का घडले नाही? ‘पैसे नव्हते’ हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे.

पहिले कारण तारेचे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचे टपाल खातेदेखील स्वतंत्र होते. आजच्या लातूर जिल्ह्यातले उदगीर आणि अहमदपूर हे भाग तेव्हा बीदर जिल्ह्यात मोडत आणि १९५६ नंतर उस्मानाबादला जोडले गेले. लातूर जिल्हा झाला ऑगस्ट १९८२ मध्ये, आणि जळकोट हा त्यातल्या नंतर निर्माण झालेल्या लहान तालुक्यांपैकी एक. बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यातला, नांदेड जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेला हा भाग तिन्ही व्यवस्थांत कडेलाच राहिला. कडेच्या गावाला तार शेवटी मिळते. १९८४ साली स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ संस्थेने खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचे छोटे एक्सचेंज तयार केले. धूळ आणि उन्हाळा सोसणारे, वातानुकूलित खोली न मागणारे असे ते यंत्र होते, आणि त्यानेच देशाच्या ग्रामीण भागात टेलिफोनचा पाया घातला. तरीही १९९९ सालच्या नव्या दूरसंचार धोरणाने स्वतःच नोंदवले आहे की ग्रामीण भारतात शंभर माणसांमागे टेलिफोन होते अवघे ०.४; म्हणजे अडीचशे माणसांत एक. २०१० पर्यंत हे प्रमाण ४ वर नेण्याचे उद्दिष्ट त्या धोरणात होते. एअरपोर्ट बाजारात आला तेही १९९९ हेच वर्ष. एका घरातले तीन संगणक एका तारेवर कसे चालवावेत हा तिथला प्रश्न होता. आपल्याकडे एका तारेवर अडीचशे माणसे कशी चालवावीत हा प्रश्न होता. जिथे वाटून घेणाऱ्यांची संख्याच इतकी वेगळी, तिथे घर हे वाटणीचे ठिकाण होऊच शकत नाही.

दुसरे कारण अंतराचे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले ते महानगरांत. जिथे केंद्र नाही तिथल्या माणसाने लांबच्या शहराला एसटीडी लावायची, आणि एसटीडीत अंतर वाढले की पल्स, म्हणजे एका आकारणीत मिळणारा वेळ, आखडत जाई. त्यामुळे लातूर-नांदेडकडच्या माणसाला इंटरनेटच्या वर्गणीपेक्षा टेलिफोनचे बिल भारी पडावे अशीच ती रचना होती. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना ही सेवा देण्याची मुभा मिळाली, पण त्यांचा ओढा शहरांकडे राहिला. १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगम स्थापन झाल्यावर चित्र बदलले. ‘संचारनेट’चा १७२२३३ हा क्रमांक लहान गावांतूनही स्थानिक दरात लागू लागला. तीन मिनिटांची एक पल्स धरली तर तासाला वीस पल्स, असा हिशेब आता मांडता येऊ लागला. हा क्रमांक त्या काळी संगणकाच्या दुकानांत तोंडपाठ असे. दूरसंचाराच्या इतिहासात तो एक मोठा टप्पा मानला पाहिजे, कारण त्याने गावाचे अंतर पुसले. मात्र पल्स पुसली नाही. वापर असो वा नसो, तार लागलेली आहे तोवर मीटर चालूच. अशा मीटरवर एकट्याने बसणे म्हणजे रिकाम्या वेळाचेही पैसे भरणे. ते रिकामे क्षण दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकता आले तरच ती तार परवडत होती. म्हणून ती घरात न राहता दुकानात गेली.

तिसरे कारण कायद्याचे, आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. भारतात बिनतारी यंत्र परवान्याशिवाय बाळगण्यास १९३३ सालच्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने बंदी घातलेली होती. रेडिओच्या आणि राजकीय संशयाच्या काळातला तो कायदा. आज घरोघरी असलेले वायफाय ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, तो पट्टा इमारतीच्या आतल्या वापरासाठी काही मर्यादित सवलती मिळून अखेर जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. त्याच महिन्यात भारत संचार निगमने ‘डेटावन’ ही ब्रॉडबँड सेवा सुरू केली. २००४ सालच्या ब्रॉडबँड धोरणाने तिच्यासाठी किमान २५६ हजार बिटांचा वेग ठरवून दिला होता. म्हणजे अमेरिकेत मोडेमचा काळ आणि घरगुती बिनतारीचा काळ काही वर्षे एकमेकांवर पडले; आपल्याकडे हवा मोकळी झाली त्याच वेळी मोडेम जायला निघाला होता. मोडेम बिनतारी वाटून घेण्याची खिडकी आपल्याकडे जवळजवळ उघडलीच नाही. मराठवाड्यातल्या एखाद्या घरात पैसा, संगणक आणि टेलिफोन हे तिन्ही असते, तरी एअरपोर्टसारख्या यंत्राला सरळ कायदेशीर जागा नव्हती. हे लक्षात घेतले की सगळा दोष गरिबीवर टाकता येत नाही. ज्या समाजाला हवा वाटून घेण्याची परवानगी नसते, तो समाज जागा वाटून घेतो.

ती जागा आधीच तयार होती. पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ बूथ १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गावोगावच्या बसस्थानकासमोर उभे राहिले होते. काचेची खोली, भिंतीवर लाल आकडे दाखवणारे मीटर, बिल छापणारे छोटे यंत्र आणि बाहेर बाकड्यावर वाट पाहणारी माणसे. पुण्या-मुंबईला, हैदराबादला कामाला गेलेल्या माणसाचा फोन अमुक वाजता बूथवर येणार, हे घरी ठाऊक असे आणि बूथवाला पोराला पाठवून बोलावणे करी. रात्री अकरानंतर दर उतरत, तेव्हा गर्दी वाढे. एक तार गावाने कशी वापरावी याची सारी शिस्त या बूथवर तयार झाली: पाळी लावणे, वेळ मोजणे, निरोप पोचवणे, उधारीची वही ठेवणे. २००० नंतर लहान शहरांत याच दुकानांत किंवा त्यांच्या शेजारी दोन-चार संगणक आले. एका संगणकाला मोडेम, बाकीचे हबवर किंवा काळ्या केबलवर ओवलेले, आणि मधल्या संगणकावर ‘विनगेट’सारखी आज्ञावली किंवा विंडोजचीच सोय. अमेरिकेतल्या घरात जे तंत्र तेच इथल्या दुकानात. फक्त हवेऐवजी वायर आणि कुटुंबाऐवजी गिऱ्हाईक. भारनियमनाच्या दिवसांत बॅटरी आणि इन्व्हर्टरवर सगळे तोलून धरावे लागे, आणि पावसाळ्यात तारेत आवाज आला की मोडेमचा वेग निम्म्यावर येई. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी या व्यवस्थेची खरी परीक्षा होत असे. तेव्हा संगणकावर कोणी बसतच नसे. दुकानदार बसे, बाहेरची पोरे बैठक क्रमांकाच्या चिठ्ठ्या आत देत आणि तो एकेक क्रमांक टाकून गुण कागदावर लिहून देई. अशा दिवशी तारेवरून येणारी प्रत्येक ओळ माणसाच्या हातातून पुढे जात होती.

हे एका वर्तमानपत्राभोवती जमलेल्या वाचकांसारखे होते, आणि ती सवयही या भागाला नवी नव्हती. निजामाच्या राजवटीत मराठी शाळा, सभा, छापील मजकूर यांवर अनेक निर्बंध असताना मराठवाड्यातली सार्वजनिक वाचनालये ही लोकजागृतीची ठिकाणे झाली. बाहेरून आलेले एक वर्तमानपत्र एकजण मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली निजामाविरुद्ध जो लढा झाला, त्यातले कितीतरी कार्यकर्ते या शाळा-वाचनालयांतून तयार झाले होते. ज्याला वाचता येते त्याने न वाचता येणाऱ्यासाठी वाचायचे, हा त्या संस्थांचा अलिखित नियम होता. नेटच्या दुकानात तोच नियम पैसे देऊन चालू राहिला. २००० च्या आसपास मराठी संकेतस्थळे वेगवेगळ्या फाँटांत असत. योग्य फाँट संगणकावर नसेल तर मराठी मजकूर अगम्य खुणांसारखा दिसे. अर्ज इंग्रजीत असत. अशा वेळी तार मिळाली म्हणजे माहिती मिळाली असे होत नव्हते. तार आणि माणूस दोन्ही मिळून माहिती मिळत होती. घरातल्या सामायिक मोडेमला या मधल्या माणसाची गरज नव्हती. सार्वजनिक मोडेम त्याच्याशिवाय चालत नव्हता.

महाराष्ट्रात हा सार्वजनिक मोडेम सरकारनेही एकदा जाणीवपूर्वक उभारून पाहिला. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोवतीच्या कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गावांत संगणक केंद्रे बसवण्याचा प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकारचे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, राज्य सरकार आणि वारणा समूह असे तिघे त्यात होते. शेतकऱ्याने गावातल्या केंद्रावर यावे, उसाचे वजन, खताची उचल, बिलाची रक्कम पाहावी, आणि पुढे बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी कागदपत्रेही तिथेच मिळावीत अशी कल्पना होती. काही वर्षांनी पाहणी झाली तेव्हा दिसले की केंद्रे मुख्यतः उसाच्या हिशेबासाठीच वापरली जात होती. बाकीच्या सेवा रुजल्या नव्हत्या. मग मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन विभागाने सात गावांत निराळा प्रयोग केला. संगणक बाजूला ठेवून तेच प्रश्न मोबाइलच्या लघुसंदेशाने विचारण्याची सोय केली, आणि ती स्वस्त व सोयीची ठरली. हा पुरावा माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातो असे वाटेल: सार्वजनिक केंद्र हरले, खिशातला फोन जिंकला. पण नीट पाहिले तर वारण्याने एक मर्यादा दाखवून दिली आहे. ‘माझा ऊस किती भरला’ या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात येते. त्याला मधला माणूस लागत नाही, म्हणून फोन पुरतो. ज्या कामात अर्ज समजून घ्यायचा, पुरावे जोडायचे, चूक झाली तर दुरुस्त करायची, तिथे फोनने केंद्राची जागा घेतल्याचे वारण्याने सिद्ध केलेले नाही. शिवाय वारण्याला कारखान्याची शिस्तबद्ध यंत्रणा होती. जळकोटसारख्या कोरडवाहू, डोंगराळ तालुक्याला असा एखादा मोठा कणा नाही. तिथे कणा म्हणजे बाजारातले दुकानच.

सार्वजनिक तारेची दुसरी शाळा म्हणजे संगणक वर्ग. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याचा ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यांतल्या खासगी केंद्रांमार्फत पसरला. सरकारी नोकरीसाठी संगणकाच्या ज्ञानाची अट आल्यावर या वर्गांना मोठी चालना मिळाली. अनेक केंद्रांत दिवसा वर्ग आणि उरलेल्या वेळी इंटरनेट असा दुहेरी व्यवसाय चाले. महत्त्वाची गोष्ट अशी की इथे मुली आल्या. नेटच्या दुकानातल्या लाकडी फळ्यांच्या खुराड्यात मुलीने बसावे हे लहान गावाला पटत नव्हते. वर्गात शिकायला जाणे मात्र पटत होते. लातूरच्या शिकवणी वर्गांमुळे आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठामुळे या पट्ट्यात शिक्षणासाठी घराबाहेर पडण्याला मान होताच. तोच मान संगणकाला मिळाला. यातून सार्वजनिक असण्याची एक अट स्पष्ट होते. दार उघडे असणे पुरेसे नाही, आत जाण्याचे कारण समाजाला मान्य असावे लागते.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप असा की हे सारे नाइलाजाचे उदात्तीकरण आहे. तार नव्हती म्हणून लोक दुकानात गेले, तार हातात आली की दुकान संपले. नाइलाजाने सुरुवात झाली हे मान्यच आहे. पण नाइलाज संपल्यावर काय झाले ते पाहावे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि वर्षभरात मोबाइलवरचे इंटरनेट कल्पनेपलीकडे स्वस्त झाले. जिओ सुरू झाल्यावर नऊ महिन्यांनी, जून २०१७ मध्ये राज्य सरकारने ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली आणि तिच्यासाठी ऑनलाइन अर्ज सक्तीचा केला. त्याच पावसाळ्यात पीकविम्याचे अर्जही आले. मराठवाड्यातल्या ई-सेवा केंद्रांसमोर तेव्हा लागलेल्या रांगा सर्वांनी पाहिल्या. शेतकरी पहाटेपासून कागदांची पिशवी घेऊन उभे होते, सर्व्हर बंद पडत होता आणि मुदती वाढवाव्या लागत होत्या. ज्यांच्या खिशात चालू नेट होते, अशीही माणसे त्या रांगेत होती. यावर कोणी म्हणेल, अंगठ्याचा ठसा केंद्रावरच घेतला जात होता, म्हणून रांग लागली, हीही सक्तीच. हे अंशतः बरोबर आहे. पण ठशाची सक्ती नसलेल्या कामांसाठीही, प्रवेशअर्जापासून शिष्यवृत्तीपर्यंत आणि भरतीच्या अर्जापासून सातबाऱ्याच्या उताऱ्यापर्यंत, लोक आजही केंद्रावर जातात. एक चुकीचे अक्षर वर्षभराचे नुकसान करू शकते, हे अनुभवाने कळलेला माणूस जबाबदारी वाटून घेणारा कोणी शोधतो. तारेची टंचाई संपली, समजावून सांगणाऱ्या माणसाची टंचाई संपली नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या सार्वजनिक दुकानांनी खरेच सर्वांना आत घेतले का, आणि घेतले ते कोणत्या किमतीला? मुलींच्या बाबतीत ती बंद होती हे आधीच सांगितले. ज्यांच्याजवळ तासाचे पैसे नव्हते त्यांच्यासाठीही ती बंदच होती. शिवाय मधल्या माणसाच्या हाती फार काही गेले. लोकांचे पासवर्ड त्याच्या वहीत, आधारची प्रत त्याच्या संगणकात, अंगठ्याचा ठसा त्याच्या यंत्रावर. सामायिक विहिरीवर निदान हिस्सेदार एकमेकांना ओळखतात. इथे एका अनोळखी माणसावर सगळा विश्वास टाकावा लागतो. २०११ च्या सायबर कॅफे नियमांनी गिऱ्हाइकाची ओळख आणि नोंदवही बंधनकारक केली, पण गिऱ्हाइकाच्या कागदांची जपणूक कशी व्हावी हा प्रश्न तसाच राहिला. हे दोष मी लपवणार नाही. मात्र त्यावरचा उपाय सार्वजनिक जागा मोडून प्रत्येकाला आपापल्या फोनकडे पाठवणे हा नव्हे. सार्वजनिक आडावर भेदभाव होतो म्हणून आड बुजवायचा नसतो. तो खरोखर सार्वजनिक करायचा असतो. महाडचा धडा हाच आहे.

तिसरा आक्षेप आजचा आहे: आता प्रत्येक फोन हाच मोडेम, हॉटस्पॉट सुरू केला की घरातले सगळे त्यावर चालतात, मग जुन्या गोष्टी कशाला? हॉटस्पॉट म्हणजे एअरपोर्टच्या कल्पनेचे खिशातले रूप, हे खरे. एक जोडणी, आतले पत्ते, मार्फतची तीच वही. घराघरांत ते पोचले ही आनंदाची गोष्ट आहे. पण तो सामायिकाचा विस्तार आहे, सार्वजनिकाचा नाही. ज्याच्या घरात हिस्सा नाही त्याला त्यात पाळी नाही. हा फरक आपल्या धोरणकर्त्यांनाही जाणवलेला दिसतो. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम-वाणी’ ही सार्वजनिक वायफायची योजना मंजूर केली. किराणा दुकानदार किंवा चहावाला परवान्याशिवाय आपल्या दुकानातून इंटरनेट विकू शकतो, आणि अशा दुकानाचे नावच ‘पब्लिक डेटा ऑफिस’ असे ठेवले आहे. ‘पब्लिक कॉल ऑफिस’ची आठवण त्या नावात उघड आहे. १९३३ च्या कायद्याने जी हवा बंद ठेवली होती, ती दुकानदाराला वाटू देण्याइतका बदल व्हायला सत्त्याऐंशी वर्षे लागली. पण योजनेत पुन्हा तारच मोजली आहे, माणूस नाही. दुकानातून वायफाय मिळेल. अर्ज कोण समजावून देणार याचे उत्तर तिच्यात नाही.

म्हणून या इतिहासातून निघणारा निष्कर्ष मला स्पष्ट मांडावासा वाटतो. जळकोटसारख्या गावांत इंटरनेट उशिरा आले एवढेच खरे नाही. ते निराळ्या रूपात आले. कडेच्या तालुक्याची अपुरी तार, चालत राहणारी पल्स आणि बिनतारीवरचा जुना कायदा यांनी मोडेमला घराबाहेर ठेवले, आणि बूथ-वाचनालयांच्या सवयीने त्याला बाजारात जागा दिली. त्या जागेत तारेबरोबर एक माणूस मिळत होता, आणि लोकांना खरी गरज त्याची होती. मोडेम कपाटात गेले, पिवळ्या पाट्या उतरल्या, तरी ती गरज उभी आहे. तिच्यासाठी नवी संस्था शोधायचीही गरज नाही. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आणि अनुदान मिळणारी वाचनालये आपल्या तालुक्यांत आणि खेड्यांत आहेत. त्यांच्या नावातच ‘सार्वजनिक’ हा शब्द आहे आणि अंगात दुसऱ्यासाठी वाचून दाखवण्याची परंपरा आहे. तिथे चांगली तार द्यावी, मुलींना निर्धास्त बसता येईल अशी जागा द्यावी, लोकांचे कागद जपण्याची जबाबदारी लेखी ठरवावी, आणि अर्ज समजावून देणाऱ्या माणसाला नियमित पगार द्यावा. ग्रामपंचायत आणि ग्रंथालय खाते यांनी मनावर घेतले तर हे अशक्य नाही. सामायिक विहिरी ज्यांच्या त्यांनी खोदल्या आहेत. गावाचा आड बांधण्याचे काम मात्र सर्वांनी मिळूनच करावे लागते, आणि ते अजून अपुरे आहे.